डावी पाकळी

उत्तरेश्वर गुरवाने उजवी पाकळी मुद्दाम कोरडी ठेवली. डावीला मात्र तांब्यातलं पाणी दोनदा लावलं आणि वर ओला भंडारा चोळला. खंडोबाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी गळली तर देव हो म्हणाला, डावी गळली तर नाही. कौल मागायला येणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं. कुठली पाकळी किती भिजवायची, ते गुरवाच्या बोटाला ठाऊक असतं. चाळीस वर्षांत उत्तरेश्वरने एकही कौल देवावर सोडला नव्हता. कुणाच्या घरातलं भांडण मिटवलं होतं, कुणा भित्र्याला ऑपरेशनला धाडलं होतं. त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नाही. एक कौल तेवढा त्याला झोपू देत नव्हता.

सहा वर्षांपूर्वी याच गाभाऱ्यात चतुराबाईने विचारलं होतं, माझ्या अभिमन्यूला पुण्याच्या कारखान्यात पाठवू का? कारखाना गावातून एकच पोरगा घेणार होता. यादीत अभिमन्यूचं नाव पहिलं होतं, आणि तो गेला नाही तर त्याच्या खालचं नाव उत्तरेश्वरच्या मुलाचं होतं. त्या दिवशी उत्तरेश्वरने डावी कोरडी लावली. ती गळायला वेळ लागला नाही. आज त्याच्या मुलाचं पुण्यात घर आहे, नातू तिथल्या शाळेत जातो. अभिमन्यू केजच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवतो. दर रविवारी देवाच्या पाया पडून झालं की तो उत्तरेश्वरच्याही पाया पडायचा, आणि उत्तरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता अभिमन्यूला कारखान्याचं पुन्हा बोलावणं आलं होतं. उद्या हजर व्हायचं होतं, आणि वयाची अट बघता पुढच्या खेपेला त्याला कुणी विचारणार नव्हतं. पिशवी भरून तो बाहेर पायरीवर उभा होता. ज्याचा कौल लावायचा त्याने आत यायचं नाही, अशी तिथली रीत. रविवार असल्याने आणखी चार-पाच माणसं पायरीवर टेकली होती. गाभाऱ्यात फक्त चतुराबाई होती, अन् आज तिच्या पोराचं देणं फेडायचंच, असं उत्तरेश्वरने मनाशी पक्कं केलं होतं.

"भाऊ," पदर तोंडाशी धरून चतुराबाई हळूच म्हणाली, "डावीच पाडा. मागल्या खेपेसारखी."

उत्तरेश्वरच्या हातातल्या पाकळ्या खाली पडता पडता राहिल्या. "म्हंजे?"

"तवा डावीला पाणी लावलंच न्हवतं तुमी. मी बघत हुते की."

"मंग बोलल्या कावून न्हाईत, वैनी?"

"कावून बोलू? मला एकच लेकरू. मी नको म्हणले असते तर भांडून गेला असता. देव नको म्हणला, बसला गप." तिने भिंतीवरच्या चित्राकडे हात केला. तिथे खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळत बसले होते. "ह्योबी म्हाळसेसंगं मुद्दाम हारलाच की. हारंल त्यानं घर सोडायचं ठरलं हुतं, आन ह्याला बानूकडं जायचं हुतं. देवाला चालतंय, मंग आपल्यालाच न्हाई व्हय?"

सहा वर्षं उत्तरेश्वरला वाटत होतं, हा डाव आपण एकट्यानेच खेळलो. क्षणभर त्याला हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याचीच लाज वाटली. बाहेर उभ्या असलेल्या पोराला दोघांनी मिळून फसवलं होतं, आणि ते पोरगं दोघांच्याही पाया पडत होतं. उत्तरेश्वरने नुसती मान हलवली. चतुराबाईला ती होकारासारखी वाटली.

त्याने ठरवल्याप्रमाणेच पाकळ्या लावल्या. भिजलेली डावीकडे, कोरडी उजवीकडे. मग हात जोडून तो मागे सरला.

उजवी आता गळेल, मग गळेल, म्हणून तो बघत राहिला. उजवी हलेना. दाराकडून वाऱ्याची झुळूक आली, घंटेची साखळी हलली, तरी ती खांद्यावर तशीच. आणि मग दोनदा भिजवलेली, भंडाऱ्याने लिंपलेली डावी पाकळी खांद्यावरून सावकाश घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

उत्तरेश्वरच्या अंगावर सर्रकन काटा आला. आज त्याच्या बोटाने हे केलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा देव स्वतः बोलला होता, आणि नाही म्हणाला होता. चतुराबाईने हात जोडले, पण ते देवाला नव्हते. "लई उपकार झाले, भाऊ," ती पुटपुटली.

"काका, काय आलं?" पायरीवरून अभिमन्यूने विचारलं.

उत्तरेश्वर बाहेर आला. त्याचा चेहरा बघूनच अभिमन्यू काय ते समजला. त्याने पिशवी उचलली आणि घराच्या वाटेकडे वळला.

"डावी ना? ऱ्हाऊ द्या, काका. देवाच्याच मनात न्हाई."

"देवाचं नाव घिऊ नको," उत्तरेश्वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पायरीवरची माणसं वळून बघायला लागली. "मागल्या खेपेला डावी मी पाडली. माझ्या पोराला ती जागा पायजे हुती म्हणून."

अभिमन्यू जागच्या जागी उभा राहिला. गाभाऱ्याच्या दारात चतुराबाई आली होती. ती मानेनेच नको नको म्हणत होती. उत्तरेश्वरने एकदा तिच्याकडे बघितलं, मग मागे वळून देवाकडे बघितलं.

"आन आजची बी मीच पाडली," तो म्हणाला. "तू जा."