पायातला रॉड

एकाच वर्षी दोघी जावांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. लोखंडाचे बारीक कण गाठीत सोडायचे, स्कॅनवर ते दिसले की चुंबकाच्या यंत्राने तापवून गाठ आतल्या आत जाळायची, असा नवा उपचार शहरात चालू होता. डॉक्टरांनी धाकट्या सुगंधाला निवडलं, थोरल्या रुक्मिणीला म्हणाले, "तुमच्या पायात धातूचा रॉड आहे, तोही तापेल. तुम्हाला हे देता येणार नाही." तो रॉड सुगंधामुळेच बसला होता. मालवणच्या धक्क्यावरून ती घसरली, तेव्हा रुक्मिणीने तिचा हात सोडला नाही; होडी धक्क्यावर येऊन आपटली आणि मध्ये थोरलीचाच पाय चेचला गेला. आज सुगंधा उपचार घेऊन, देवीने कौल दिल्यासारखी उजळून बाहेर आली. पायरीवर डगमगत म्हणाली, "वयनी, वायच हात दी गो." 'माझो पाय हिच्यासाठी गेलो, आता जीवय जातलो?' रुक्मिणीने हात पदराखाली घेतला.