न दिसणारे जीव
रोवणीच्या दिवशी चुन्नीलालनं जिवाणूंचं पाकीट पाण्यात कालवलं आणि धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, एकेक जुडी मुळांपर्यंत त्यात बुडवली. इतक्या हळुवार, की जणू बाळालाच न्हाऊ घालतोय. सासऱ्याचं हे रूप नीतूनं कधी पाहिलंच नव्हतं.

"सांभाळून ने, सूनबाई. डोळ्याले दिसत नाही, पण मुळाईले लाखो जीव चिकटून हायेत. अर्धा घंटा सावलीत ठेवा लागते. उन्हात मरून जातेत बिचारे."

ऊन मी म्हणत होतं. शेताचे धुरे, सगळे बांध, उघडेबोडके. सावली काय ती एकाच मोहाच्या झाडाची. तिथं झोळीत नीतूची तीन महिन्यांची मुलगी झोपली होती. नीतू घुटमळली.

"पाहून काय राहिली?" चुन्नीलाल खेकसला. "झोळी सोड अन् पोरीले ठेव धुऱ्यावर. अर्ध्या घंट्यात पोरगी काई मरत नाही."