जुनाट नाव

हॅलिफॅक्सच्या बागेत मिसेस एकरॉयड रोज चारच्या सुमाराला त्याच बाकावर येऊन बसत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना मिसेस एकरॉयडच म्हणत. "एवढ्या गारठ्यात कशाला कडमडता तिथे?" शेजारीण विचारायची, त्या नुसत्या हसायच्या.

खरं तर कुत्र्यांचा त्यांना भारी तिटकारा. तरी कॅलम नावाचा एक पोरगेला तरुण आपल्या कुत्रीला तिथे मोकळं सोडी, तेव्हा थर्मासमधला चहा निवेपर्यंत त्या बसून राहत.

"मेबल! ए मेबल, पुरे झालं गं! चल माझी राणी, घरी जाऊ!" निघताना तो हाक मारी. ती कानावर पडली की मिसेस एकरॉयडही उठून घराची वाट धरत.

आज मात्र ती कुत्री चिखलाचे पाय घेऊन थेट त्यांच्या अंगावरच चढली.

"सॉरी हं आजी! फार लाडावलीय," कॅलम धावत आला. "नावच तसं आहे ना! पुस्तकात बघून ठेवलं. मूळ लॅटिन, अर्थ 'जिच्यावर प्रेम करावं अशी'. आता माणसांत कोण ठेवतंय म्हणा असली जुनाट नावं! कुत्र्यांनाच शोभतात. तुमचं नाव काय, आजी?"



"मिसेस एकरॉयड," कोटावरचा चिखल तसाच ठेवून मेबल एकरॉयड म्हणाल्या, "तिला जरा परत एकदा हाक मार ना."