दोनशे तीस टक्

बाबांची लाडकी तबकडी म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा, रॅगटाइम या अमेरिकन ढंगाचा नाचरा पियानो, आणि ओरखड्यामुळे दर फेरीला एक ‘टक्’. त्यांच्या वाढदिवसाला ती कॉम्प्युटरवर उतरवून स्वच्छ करून द्यायचं मी ठरवलं आणि फसले. तीन मिनिटांच्या वाजवण्यात दोनशे तीस टक्! लेक दुपारी झोपली की एकेक शोधून पुसायचे. चाळीस पुसून होतात न होतात तोच ती उठायची, मांडीवर चढून कीबोर्ड बडवायची, आणि पुसलेले निम्मे परत हजर. अशा अकरा दुपारी गेल्या. तिच्यावर दोनदा ओरडले, मग तिच्याबरोबर मीही रडले.

शेवटी हेडफोन बाबांच्या कानांना लावले. पियानो कसा, काल वाजवल्यासारखा! बाबांनी पायाने ताल धरला, तो सुटला, पुन्हा धरला. मग त्यांनी हेडफोन अलगद काढून ठेवले.

“छान झालंय गं. पण आपली नेहमीची लावतेस का?”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, अकरा दुपारी घातल्यात मी यात! त्या ओरखड्यात काय एवढं सोनं पुरलंय?”

बाबा माझ्या कडेवरच्या लेकीकडे बघत म्हणाले, “तू पहिल्यांदा उभी राहिलीस ना, ती ग्रामोफोनचं टेबल धरून. तेव्हाच सुईला धक्का लागला.”