मोठ्याने बोलणारा वर्ग

"आधी दार लाव," बाई म्हणाल्या. सिस्टरने कडी घातली तेव्हाच त्यांनी कानावरचे केस मागे सारले.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकावर दोघी बसल्या होत्या. बाहेर मधली सुट्टी संपत आली होती. दवाखान्यातल्या सिस्टरने पिशवीतून काजूच्या आकाराचं, ऐकू येण्याचं छोटं यंत्र काढलं आणि बाईंच्या कानामागे बसवलं.

"हेही पहिल्यासारखंच नाही ना गं होणार?" बाईंनी विचारलं.

पहिलं यंत्र शहरातून आणलेलं, चांगलं भारीतलं होतं. पण त्याचा सेल आठवड्याभरात मान टाकायचा आणि नवा मिळायचा तो शहरातच. शेवटी ते यंत्र कपाटात गेलं आणि बाई ओठ वाचायला शिकल्या. ओठ वाचता आले नाहीत, की "पुन्हा सांग, नीट!" म्हणून दरडावायचं. त्यावर वर्ष निभावलं होतं.

सिस्टर त्यांच्यासमोर तोंड आणून सावकाश बोलली, "याला दोन सेल आहेत. एक कानात, एक उन्हात. ही डबी खिडकीत ठेवायची, संध्याकाळपर्यंत सेल भरतो. काही बिघडलंच तर आमच्या दवाखान्यातली मुलगी उघडून नीट करते. शहराचं तोंड बघायला नको. आणि ऊन काय, कुणाच्या बापाचं नाही!"

तिने बारीकसं बटण सरकवलं. बाई एकदम दचकल्या.

"हे काय वाजतंय?"

"तुमच्याच बांगड्या, बाई."

बाईंनी हात हलवला. थांबवला. पुन्हा हलवला. मग घंटा झाली आणि त्यांनी घाईघाईने केस कानावर ओढले.

वर्गाकडे जाताना त्या कानावरचे केस पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. परवाच मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "तुमचा वर्ग काय आरडाओरडा करतो हो! शेजारी शिकवणं मुश्कील झालंय. साहेब तपासणीला आले तर काय सांगू?" बाईंनी मान खाली घातली होती. आपला वर्ग ओरडतो हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही हे पोरांना कळलं होतं. पोरं त्यांच्या तोंडावर त्यांची चेष्टा करत होती, आणि त्या आपल्या फळ्यावर अपूर्णांक लिहीत होत्या. आज ती चेष्टा ऐकू येणार होती.

त्यांनी डबी खिडकीत ठेवली, खडू उचलला आणि जीव मुठीत धरून विचारलं, "पाव आणि पाऊण मिळून किती?"

"एक!"

पत्रे उडतील असा आवाज झाला. बाईंनी फळ्याला हात टेकला. समोर मुलांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. एकाचाही चेहरा हसरा नव्हता. अभ्यासाला बसावं तशी ती ओरडायला बसली होती.

"एवढ्याने का ओरडता रे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी वर्गाची मॉनिटर उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "तुम्हाला ऐकू जावं म्हणून, बाई!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही! आमचं आम्हीच ठरवलं!"

"घरी बोललात?"

"नाही, बाई!" मागून एक मुलगा तेवढ्याच जोरात म्हणाला. "मग तुम्हाला काढून टाकलं असतं!"

बाई खुर्चीत बसल्या. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं. मग त्यांनी केस मागे घेतले आणि सगळ्या वर्गाला दिसेल असा कान पुढे केला.

"हे बघा. आता ओरडायचं नाही. मला ऐकू येतंय."

मुलांचा चटकन विश्वास बसेना. मागच्या बाकावर कुणीतरी तोंडावर वही धरून कुजबुजलं, "बाईंच्या नाकाला खडू लागलाय."

बाईंनी नाक पुसलं.

वर्ग खो खो हसला. हसणं बाईंना नुसतं दिसायचं. आज ते कानावर आलं, आणि त्याही हसल्या, हसतच उठून फळ्यापाशी गेल्या.

"बरं, पुरे. दीड आणि पाऊण किती?"

भराभर हात वर झाले. त्यांत भिंतीकडच्या बाकावरचाही एक हात होता. ती मुलगी वर्षभरात कधी उत्तराला उठली नव्हती. बाईंनी तिला केव्हाच ढ ठरवून टाकलं होतं.

"तू सांग."

मुलगी उभी राहिली. तिचा आवाज मुळातच एवढासा, सुतासारखा. ओरडणं काही तिला जमणारं नव्हतं.

"सव्वादोन," ती म्हणाली.

सगळ्या वर्गाने माना वळवून बाईंकडे पाहिलं. बाई फळ्यापाशीच होत्या. एक पाऊलही त्या पुढे आल्या नव्हत्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

"चुकलं का, बाई?"

"नाही गं. बरोबर आहे. पुन्हा सांग."