विरजणातली आई

तिसऱ्या दिवशीही दह्यातला आवाज ऐकवणाऱ्या यंत्रातून नुसती खरखर आली, तशी मुक्ताने दह्याची वाटी बाहेर काढली, हुंगली आणि परत आत ठेवली. तिला बसवतही नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

जाण्याआधी आईने आपला आवाज घरच्या विरजणातल्या जिवाणूंच्या डीएनएत लिहून घेतला होता. हल्ली सगळेच घेतात. जिवाणूंना तो तुकडा परका वाटतो, म्हणून त्यांची प्रथिनं त्याला गच्च गुंडाळून ठेवतात. आवाज ऐकायचा झाला तर चमचाभर दही वेगळं काढून, त्यात औषधाचा थेंब टाकून ती गुंडाळी सैल करायची आणि ते यंत्रात ठेवायचं. मुक्ताला धीर कुठला! तिने अख्ख्या भांड्यातच थेंब ओतले. चार दिवस आई घरभर बोलत होती. मग तो मोकळा तुकडा वाचून वाचून थकलेल्या जिवाणूंनी तो टाकूनच दिला.

इतक्यात शेजारच्या सगुणाकाकू वाटी घेऊन आल्या.

"आवाज लिहून घेतल्यावर तुझ्या आईनेच मला हे विरजण दिलं होतं गं. रोज लावते. आमच्याकडे कुणी उघडून ऐकलं नाही, तेव्हा असेल अजून तसंच."

मुक्ताने झडप घालून वाटी घेतली. दुसरा हात आपसूक थेंबांच्या बाटलीवर गेला. आई एका थेंबावर होती.

"वाटी दे सावकाश," काकू वळल्या.

शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आईचीच शिस्त. मुक्ताने बाटली खाली ठेवली आणि भरली वाटी तशीच काकूंच्या हातात दिली.

"तुमच्याकडेच असू दे, काकू. माझ्याकडे ती टिकायची नाही."