पाहुण्यांसाठी सूचना

"नळाचं पाणी प्यायचं, असं लिही," एवांथिया म्हणाली. "नाहीतर हे प्रवासी बाटल्यांचे गठ्ठे घेऊन पायऱ्या चढतात नि धापा टाकत माझ्या उंबऱ्यावर बसतात."

स्तेर्गिओसने मांडीवरच्या लॅपटॉपवर ते लिहून घेतलं. तो तिचा भाचा, बहिणीचा एकुलता एक. थेसालोनिकीच्या वरच्या भागातलं, जुन्या तटाला खेटून उभं असलेलं हे घर ईस्टरनंतर तिने आपल्या हाताने त्याच्या नावावर करून दिलं होतं. आज दुपारी त्यात दिवसाच्या भाड्याने राहणारे पहिले पाहुणे उतरणार होते. तिची सुटकेस बांधून दाराशी ठेवली होती. ती सुटकेस एकतर जिन्याखालच्या धुण्याच्या खोलीत जायची, नाहीतर शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात. वृद्धाश्रमातली खाट स्तेर्गिओसने "नुसती सांगून ठेवली" होती. धुण्याच्या खोलीचं तिने आठवड्यात तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा "बघू गं मावशी" एवढंच ऐकलं.

म्हणून आज ती जीव तोडून सांगत होती. घराची नि गल्लीची इतकी माहिती असलेलं माणूस कोण कशाला घालवेल, अशी तिची समजूत. भाबडीच बाई.

"संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. हे मोठ्या अक्षरात लिही. समोरच्यांकडे नळ तुंबून सगळं वर आलं होतं."

"लिहिलं."

"वर येताना तेवीस नंबरची बस, जाताना पायी. उलटं केलं की गुडघे जातात. आणि तीन ते पाच गप्प राहायचं, माणसं झोपलेली असतात. चाकांच्या बॅगा त्या वेळात पायऱ्यांवरून ओढायच्या नाहीत. शेजारची देस्पिनाबाई वरच्या खिडकीतून पाणी ओतते."

"पाण्याचं नको लिहायला, मावशी."

"लिही. ओतते ती."

तो हसला. हसला की तो थेट त्याच्या आईसारखा दिसे, आणि तिथेच ती पाघळायची. कागदपत्रांवर सह्या केल्या त्या दिवशीही तो असाच हसला होता.

"सकाळचा पाव कुठून आणायचा?" त्याने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या भट्टीतून," असं म्हणत तिने खिडकीकडे बोट केलं आणि ते तसंच खाली घेतलं. भट्टी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिथे आता प्रवाशांच्या बॅगा ठेवायची लोखंडी कपाटं होती. "खाली बाजारातून आणायचा," ती म्हणाली.

"अजून काही?"

"मारियामातेपुढचा दिवा रोज संध्याकाळी लावायचा. तेल खालच्या फळीवर आहे."

"दिवा नको. तसबीर राहू दे, फोटोत छान दिसते. पण उगाच आग-बिग लागायची."

"सत्तर वर्षांत कधी लागली?"

"सत्तर वर्षं तू होतीस ना इथे."

तो सहज बोलून गेला, पण तिला तेवढ्यानेही धीर आला. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली.

"आता हे लिही, परक्यांना हे कळतच नाही. आपली माणसं 'नाही' म्हणताना तोंड उघडत नाहीत. भुवया वर नेतात, हनुवटी जराशी उचलतात, झालं. परवा औषधाच्या दुकानात एक पोरगी पाच मिनिटं ताटकळली. दुकानदार कधीचाच 'नाही' म्हणून मोकळा झाला होता, आणि ही आपली उभीच!"

"वा, मावशी! हे लोकांना फार आवडतं. हे सगळ्यात वर घेतो."

एवांथिया खुलली. मग एप्रनला हात पुसत, मघापासून घोळवत ठेवलेलं वाक्य तिने सांगितलं.

"आणि शेवटी लिही, काही अडचण आली तर जिन्याखालच्या दारावर टकटक करा. एवांथियाबाई घरीच असते."

स्तेर्गिओसची बोटं चालत राहिली. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून वाचलं. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, असं लिहिलं होतं. अडचण आली तर फोनवर निरोप टाका, असं लिहिलं होतं. तिचं वाक्य नव्हतं.

"खालच्या खोलीत काय ठेवणार आहेस?"

"चादरी, टॉवेल. धुण्याचं मशीन तर तिथेच आहे."

"चादरी मी धुईन. मशीनशेजारी माझी खाट मावते, मी माप घेतलंय. पाहुणे असले की पाऊलसुद्धा वाजवणार नाही." तिने त्याची बाही धरली. "बाळा, आता बघू-बिघू नको म्हणूस. मी राहू का खाली?"

स्तेर्गिओसने लॅपटॉपकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. खाली शहराच्या कौलांपलीकडे समुद्र उन्हात पडला होता. त्याने तोंड उघडलं नाही. भुवया तेवढ्या वर गेल्या आणि हनुवटी जराशी उचलली गेली.

एवांथिया खुर्चीची पाठ धरून उठली. जन्मली त्या खोलीत तिला कुठे बघावं ते कळेना.

पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगांची धडधड वर येऊ लागली. साडेतीन वाजले होते. वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि देस्पिनाबाई कुणावर तरी ओरडली.

एवांथियाने एप्रन सोडून खुंटीला अडकवला, पुन्हा काढला, घडी करून सुटकेसच्या वरच्या कप्प्यात सरकवला. स्तेर्गिओस सुटकेस उचलायला पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"ते भुवयांचं वर घेतलंस ना?" तिने विचारलं. "विसरू नकोस. नाहीतर बिचारी उत्तराची वाट बघत उभी राहतील."